तिसरा महिना भरेपर्यंत

घरात माझ्यावर पहिल्यांदा शक आला तो परसातल्या दोरीवरून. दर महिन्याला त्या दोरीच्या कडेच्या टोकाला माझी धुतलेली फडकी वाळत असायची आणि त्या आषाढात ती दिसली नाहीत. दिसली नाहीत हे सासूबाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांच्या लक्षात आलं हे माझ्या.

आमचं गाव धारूरहून दोन कोसांवर, डोंगराच्या कडेला. घरात आम्ही तिघंच. मी, माझे मालक आणि त्यांची आई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे शेत मुलाच्या हातात आणि बाकी सगळं आत्याबाईंच्या. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती. मूल नव्हतं.

आत्याबाईंचं सोवळं कडक. महिन्याचे ते चार दिवस मी गोठ्यालगतच्या खोलीत बसायचे. चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. खोलीचं दार गल्लीकडे, त्यामुळे मी कधी बसते आणि कधी उठते ते सगळ्या गल्लीला माहीत. दार उघडं आणि आत चटईवर मी दिसले की बाया समजायच्या, याही महिन्याला काही नाही.

दोन वर्षांमागं ते दार दोन महिने बंद राहिलं होतं. आत्याबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. वाण्याच्या दुकानातून खोबरं आणलं, खारका आणल्या. पुढं माघात एका दुपारी माझं पोट दुखायला लागलं आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. आत्याबाईंनी मला त्याच खोलीत निजवलं, फडकी स्वतःच्या हातानं नेली, मला काही बघू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगून टाकलं, "महिना चुकला हुता. दुसरं काय न्हवतं."

त्या एका वाक्यानं मी खोटी ठरले. बाया मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या की सवत यायच्या भीतीनं काही बाया असं सोंग करतात. मालकांनी एकदाच विचारलं, "तुला खरंच वाटलं हुतं का तसं?" मी हो म्हणाले. पण पुढं पुढं माझा मलाच संशय यायला लागला. मी काही बघितलं नव्हतं. कदाचित खरंच काही नसेल.

म्हणून या खेपेला महिना चुकला तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. लसणाची फोडणी पडली की पोटातून ढवळून यायचं, मी परसात पळायचे. ज्वारीच्या पिठाचा वास, जो मला लहानपणापासून आवडायचा, तो नकोसा झाला. छाती जड झाली होती, चोळी टोचायची. खुरपायला गेले की दुपारी बांधावरच डोळा लागायचा. ही सगळी लक्षणं मला ठाऊक होती आणि म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हते. मागच्या वेळीही असंच झालं होतं.

आषाढ संपत आला तेव्हा आत्याबाईंनी विचारलं. मी भाकरी थापत होते, त्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"भाईर कधी बसलीस तू?"

"बसंन की, आत्याबाई. दिस झाले न्हाईत अजून."

"वटपुनवेच्या आदी बसली हुतीस. म्या काय इसरले?"

मी भाकरी उलटली.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "ह्या घरात देव हाईत. लपवून चुलीला शिवत असशील तर आत्ताच सांग."

म्हणजे त्यांना वाटत होतं की मी विटाळ लपवते आहे. बाहेर बसले की गल्लीला दिसतं, ते दिसू नये म्हणून मी तशीच घरात वावरते आहे. मी तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण तोंडातून शब्द निघाला आणि पुन्हा तसंच झालं तर, या भीतीनं मी गप्प राहिले, आणि गप्प राहिल्यानं त्यांचा शक पक्का झाला असं मी समजले.

त्यानंतर त्या माझ्या मागं मागं असायच्या. मी ओढ्यावर धुणं न्यायला निघाले की त्यांचंही एखादं लुगडं निघायचं. गोठ्याच्या खोलीत मी एकटी गेले की बाहेर त्यांच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज यायचा. माझ्या ट्रंकेतले कपडे एकदा नीट घडीत नव्हते. मीही त्यांच्यावर डोळा ठेवायला लागले. कुणाकडं जातात, कुणाशी बोलतात, माझं नाव निघतं का.

नागपंचमी झाली आणि मालकांचे मामा आले. ते गेवराईकडचे, गोदेच्या काठचे. त्यांना आमच्याकडं येणं म्हणजे गाडीनं दोन-तीन मुक्काम. इतक्या लांबून, पावसापाण्यात, कामाशिवाय कुणी येत नाही. मी माजघरात धान्य निवडत बसले आणि कान ओसरीकडं लावले.

"आक्का, पोरगी चांगली हाय," मामा म्हणाले. "बाप खाऊनपिऊन सुखी. पहिली हाय हे ठाऊक हाय त्यांना, त्याची कायी तकरार न्हाई. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरू."

आत्याबाई म्हणाल्या, "महालक्ष्म्या होऊ दे. मंग सांगते."

"तवर कावून थांबायचं?"

"होऊ दे म्हनते ना."

म्हणजे महालक्ष्म्यांपर्यंत. सुपातले दाणे मी तसेच हलवत राहिले. एवढं मात्र कळलं की माझ्याविरुद्ध काहीतरी ठरतं आहे आणि त्याला मुदत पडली आहे.

मामा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी माझ्यापुढं वाटीभर काढा ठेवला.

"घे, पी हे. तोंड उतरलंय तुझं."

"कशाचा हाय?"

"पित्ताचा."

आत्याबाईंनी सहा वर्षांत मला कधी पित्ताचा काढा दिला नव्हता. वाटी तोंडाला लावली आणि त्यांची पाठ वळल्यावर परसातल्या राखेच्या ढिगावर ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी ऐकलेलं होतं की काही मुळ्या अशा असतात, त्यांनी पोटात धरलेलं सुटतं. घरात दुसरी आणायची ठरली असेल तर पहिलीच्या पोटात काही असणं अडचणीचं. असा हिशेब माझ्या डोक्यात बसला आणि मग निघेना.

भांड्याच्या तळाला राहिलेला गाळ मी पदराच्या टोकात बांधला आणि मीठ आणायच्या निमित्तानं वाण्याच्या दुकानात गेले. वाणी माल आणायला धारूरला गेला होता. त्याची बायको दुकानात बसली होती. ते लोक लिंगायत. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग असायचं आणि त्यांच्या घरात बाहेर बसायची रीतच नव्हती. म्हणून असेल, या बाबतीत मला तिच्याशी बोलायला कमी भीती वाटायची. मी पदर सोडून गाळ दाखवला.

तिनं आधी गाळाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"किती झालं?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"माझ्यापुढं कावून लपवतीस? दुसरा भरला का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली. तिनं बाहेर कुणी नाही बघून पोत्यांमध्ये हात घातला आणि फळीवर ओळीनं चार जिन्नस ठेवले. खसखशीचा दाणा, मसुरीचा दाणा, घेवड्याची बी आणि एक खारीक.

"माझी सासू असं दाखवायची," ती म्हणाली. "महिना चुकतो तवा खसखस. मंग पंधरा दिसांनी मसूर. दुसरा भरला की ही घेवड्याची बी, बघ, तशीच वाकडी. आन् तिसऱ्यात खारकंएवढं. तुझं आत्ता हे हाय."

घेवड्याची बी तिनं माझ्या तळव्यावर ठेवली. लालसर, गुळगुळीत. एवढ्याशा गोष्टीनं घोटभर पाणीही माझ्या पोटात ठरू देऊ नये, याचं मला नवल वाटलं. मग तिनं गाळ हुंगला, बोटानं चिवडला.

"धनं हाय, सुंठ हाय, वेलदोडा हाय. ही मुळी तेवढी वळखू येईना. शिजून लगदा झालाय."

"वाईट असंल का?"

"म्या कशी सांगू, बाई? पी म्हनत न्हाई आन् पिऊ नको बी म्हनत न्हाई."

मी मीठ घेऊन घरी आले. एका न ओळखलेल्या मुळीनं माझा शक दुप्पट केला.

मालकांना सांगावं असं दहादा मनात आलं. शेवटी त्यांनीच विषय काढला. शेतात आम्ही दोघंच होतो, ते बैलांना पाणी दाखवून आले होते.

"आई म्हनती तू कायतरी लपवतीस."

"लपवत न्हाई. मला दिवस गेलेत."

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मागच्यावानी?"

त्यांच्या मनात वाईट नसेल. भीतीनं विचारलं असेल. पण तो शब्द ऐकून मी खुरपं उचललं आणि दुसऱ्या पातीला निघून गेले. त्या दिवसापासून या घरात माझं म्हणणं खरं मानणारं कुणी नाही असं मी धरून चालले.

पोळा झाला. महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी गोठ्याची खोली झाडून घेतली, चटई टाकली, पाण्याची घागर आणि माझं वेगळं ताट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जा, भाईर बस."

मला आधी समजेना. "मला काय झालं न्हाई, आत्याबाई."

"बस म्हनते तर बस."

"देवाशपथ मला काय झालेलं न्हाई."

"आवाज चढवू नको. चार दिस बसायचं."

मालक दारात होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी आईकडं बघितलं आणि ते गाडी जुंपायला गेले. मी खोलीत जाऊन बसले. वर्षाच्या सणाला घरची सून नसलेल्या विटाळापायी बाहेर. दार आत्याबाईंनी मुद्दाम सताड उघडं टाकलं.

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया आल्या. येणारी प्रत्येक बाई माझ्या दारावरून जात होती. एकीनं थांबून आत बघितलं आणि ओसरीवरच्या आत्याबाईंना विचारलं, "यंदा बी काय न्हाई का?"

"कशाचं काय," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. "नशीब एकेकाचं."

मी भिंतीकडं तोंड करून पडले. मामांना दिलेली मुदत संपली होती आणि गल्लीला साक्षीला बोलावून मला वांझ ठरवलं जात होतं, असाच त्याचा अर्थ मी लावला. दुसरा अर्थ मला सुचलाच नाही. एक गोष्ट मात्र त्या वेळीही खटकली होती. एरवी मी बाहेर बसले की मला बाहेरची कामं असायची, गोवऱ्या थापायच्या, तूर भरडायची. या वेळी मला कुणी काडी उचलायला लावली नाही. ताट वेळेवर यायचं, त्यात तूप असायचं. मी खायचे आणि झोपायचे. कामच देत नाहीत म्हणजे या घरातला माझा वावर संपला, असं मला त्यावरूनही वाटलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी, गल्लीत कुणी नसताना, सुईण आली. ती गावाबाहेरच्या वस्तीतली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, पण बाळंतपण सोडून ती आमच्या ओट्यावर येत नसे, म्हणजे आम्ही येऊ देत नव्हतो. ती खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

"वैनी, उताण्या निजा. पोट सैल सोडा."

"तुला कुणी धाडलं?"

"थोरल्या बाईंनी."

मी पोटावर हात घट्ट धरले. "कावून? काय करणार हायस?"

ती उकिडवी बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "चाचपनार हाय, दुसरं काय? मला भेता व्हय तुमी?"

तिचे हात कोरडे आणि ऊन होते. तिनं ओटीपोटाच्या अगदी खाली बोटं रुतवली, थोडी इकडं, थोडी तिकडं. मग थांबली.

"लागतंय. मोठ्या लिंबाएवढं वर आलंय. तिसरा भरत आला."

मी रडायला लागले. तिनं माझं लुगडं नीट केलं. म्हणाली, आता त्याला हातापायाची बोटं फुटली असतील, नखं अजून नसतील, डोकंच निम्म्या अंगाएवढं असतं. ते आत हलतं, पण एवढं हलकं की आईला कळत नाही. कळायला दिवाळी उजाडेल.

"तुला कसं ठाऊक आतलं?"

"पडलेली बघितल्यात की हातानं. कैक." तिनं आवाज खाली आणला. "तुमचं बी म्याच पुरलं हुतं, मागच्या वक्ताला. थोरल्या बाईंनी फडक्यात गुंडाळून आनलं हुतं. दोन म्हयन्याचं. डोळ्याच्या जागी दोन काळे ठिपके हुते, मव्हरीच्या दाण्यावानी."

दोन वर्षं मी माझ्या मनालाच खोटं समजत होते.

"त्यांनी तर सांगितलं, काय न्हवतं म्हणून."

"ते त्यांना इचारा," सुईण म्हणाली आणि दार किलकिलं करून, गल्ली बघून निघून गेली.

पाचव्या दिवशी मी न्हाले आणि घरात आले. आत्याबाई देव्हारा आवरत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, "मागच्या खेपेला खरंच हुतं, तर मला कावून सांगितलं न्हाई?"

त्या हातातलं फडकं खाली न ठेवता म्हणाल्या, "गर्भ टिकत न्हाई असं नाव पडलं असतं तुझं. ते नाव पडलं की पुसत न्हाई. महिना चुकला म्हनलेलं चार दिसांत इसरत्यात."

"इसरले न्हाईत. मला खोटी म्हनले."

"म्हनले," त्यांनी कबूल केलं. मग म्हणाल्या, "म्या तिसरा भरायच्या आदी गल्लीभर सांगत फिरले. नजर लागली. माझ्याच जिभेनं गेलं ते. म्हणून अवंदा कुनाला कळू द्यायचं न्हाई असं ठरवलं. तू भाईर बसलेली समद्यांनी बघितली. आता कोण नजर लावतंय?"

"मला तरी सांगायचं."

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं. आन् घरात असतीस तर सोळा भाज्या, पुरन, पानी, समदं तुलाच पडलं असतं. चार दिस पडून राहिलीस का न्हाई?"

"तुमी तर शक घेत हुता, मी विटाळ लपवते म्हणून."

"आदी घेतला. मंग फोडणीला परसात पळताना बघितलं तुला."

सगळं पटण्यासारखं होतं. म्हणूनच मी विचारलं, "आन् गेवराईची पोरगी?"

त्यांनी समई उचलली, तिच्यातली वात काढली. "टिकलं नसतं तर आनावीच लागली असती. तुला काय खोटं सांगू?"

निदान हे तरी त्यांनी सरळ सांगितलं. मग मी काढ्याचं विचारलं. ती मुळी शतावरीची होती, त्यांनी स्वतः डोंगरातून खणून आणलेली, गर्भ धरून ठेवायला देतात ती.

"म्या पीतच नव्हते तो," मी म्हणाले.

"ठाऊक हाय. राखेवर वतायचीस. मंग मुळी वाळवून, दळून घरच्या भाकरीच्या पिठात घातली."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. त्यांनी भलं केलं होतं, मानते. पण मनात आणलं असतं तर दुसरंही काही त्याच पिठातून माझ्या पोटात गेलं असतं आणि मला कळलं नसतं. त्या दिवसापासून मी माझं पीठ स्वतः दळून, स्वतः चाळून घ्यायला लागले. त्यांनी ते बघितलं.

दिवाळीत, नरकचतुर्दशीला न्हाऊन बसले होते तेव्हा पोटात आतून काहीतरी सरकलं. बोटानं पाठीमागून पडदा हलवावा तसं. आधी वाटलं वारा धरला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं, तेव्हा मालकांचा हात धरून पोटावर ठेवला. त्यांना काही लागलं नाही, इतकं ते हलकं होतं. पण या वेळी त्यांनी मागचं नाव काढलं नाही. "हाय," एवढंच म्हणाले, जसं काही त्यांनाच कळलं.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले आणि मुलगी झाली. त्याच सुईणीच्या हातावर. आत्याबाईंनी तिला उजेडात धरून नखं बघितली, कानाच्या पाळ्या बघितल्या, डोळे बघितले. मुलगी म्हणून त्यांचा चेहरा पडला का, हे मी खाटेवरून टक लावून बघत होते. मला काही वाचता आलं नाही.

बारशाला मामा आले. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी सुपारी कातरता कातरता सुरू केलं, "आक्का, झालं ते बरंच झालं. पर पोरगीच झाली. त्या लोकांनी अजून दुसरीकडं दिलेली न्हाई. वैशाखात—"

मी आत मुलीला पाजत होते. तशीच उठून दाराच्या फटीशी गेले. आत्याबाईंचं तोंड माझ्याकडं होतं. फटीतून माझी सावली त्यांना दिसली असणार, कारण त्यांनी क्षणभर दाराकडं बघितलं आणि मग आवाज चढवून, घरभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या पोरीला खुशाल दुसरीकडं देऊ दे. ह्या घरात आता जागा न्हाई. अंधार पडायच्या आत निघ तू."

मामा निघाले. आत्याबाई त्यांना पोचवायला गाडीपर्यंत गेल्या. तिथं दोघं बराच वेळ उभे होते, मामा मान हलवत होते, आणि त्या काय बोलत होत्या ते मला आतून ऐकू आलं नाही. गेवराईच्या त्या मुलीचं वैशाखात दुसऱ्या घरी लग्न झालं आणि आमच्याकडं पुन्हा तो विषय निघाला नाही. गाडीजवळचं बोलणं मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.